भंगारवाल्याला हाकलून ई-कचरा संपणार नाही

कुठेतरी गोदामाला आग लागते, कारण म्हणून बॅटरीचं नाव येतं आणि पुढचे चार दिवस तोच वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते ई-कचरा भंगारवाल्याला देणं हाच गुन्हा ठरवा, हे लोक वायरी जाळतात, ॲसिड नाल्यात ओततात, यांच्यावर धाडी टाका आणि सगळा माल फक्त सरकारमान्य रिसायकलरकडे जाऊ द्या. दुसरी बाजू म्हणते कसलं काय, आपल्याकडे पूर्वापार काहीच वाया जात नाही, आपला भंगारवाला स्क्रू न् स्क्रू वेगळा काढतो, ही सगळी भीती बाहेरून आणलेली आहे. मला दोन्ही पटत नाही. आणि जास्त खटकतं ते हे की दोघंही एकाच माणसाबद्दल बोलतायत, हातगाडीवाल्याबद्दल. ज्यानं ती वस्तू बनवली, ज्यानं विकली, आणि ज्यानं दोन वर्षं वापरून काही न सांगता गाडीवर ठेवली, हे तिघं या वादात कुठेच नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगतो. गोळा करायचं काम भंगारवाल्याकडेच राहू द्या, कारण या देशात घराघरात पोचणारी दुसरी यंत्रणा नाहीये आणि लवकर उभीही राहणार नाही. फोडणं, जाळणं, वितळवणं, ॲसिडमध्ये बुडवणं हे मात्र त्याच्याकडून पूर्ण काढून घ्या, त्यात तडजोड नको. आणि हे दोन्ही एकत्र जमायचं असेल तर प्रत्येक बॅटरीवर आणि बॅटरी असलेल्या प्रत्येक वस्तूवर विकतानाच डिपॉझिट घ्या, वस्तू परत आली की ते ग्राहकाला मिळू दे आणि गोळा करणाऱ्याला कंपनीकडून ठरलेली फी मिळू दे. बाकी जनजागृती, रॅल्या, शपथा हे सगळं चांगलंच आहे पण त्यानं गाडी पुढे जात नाही.

आता धाडी टाका म्हणणाऱ्यांचा मुद्दा, तो हलका नाहीये. जुना सर्किट बोर्ड शेगडीवर तापवून त्याचं डाग दिलेलं शिसं-कथील सैल करतात, चिप्स उपटतात, मग सोन्यासाठी उरलेला भाग ॲसिडच्या टबात टाकतात आणि काम झालं की टब गटारात रिकामा होतो. तांब्यासाठी वायर जाळली की वरच्या पीव्हीसीतून डायॉक्सिन नावाचं विष निघतं, जे शरीरात गेलं की वर्षानुवर्षं बाहेर पडत नाही. इन्व्हर्टरची किंवा ई-रिक्षाची शिशाची बॅटरी कुऱ्हाडीनं फोडतात, आतलं ॲसिड जमिनीवर सोडून देतात आणि प्लेटा भट्टीत वितळवतात. त्या शिशाची धूळ कामगाराच्या कपड्यांवरून घरी येते आणि रांगणाऱ्या पोराच्या हाताला, हाताहून तोंडात. सेनेगलमध्ये डाकारजवळ थियारॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे, तिथे नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काही महिन्यांत १८ लहान मुलं शिशाच्या विषबाधेनं गेली. शिशाचा भाव वाढला होता म्हणून बायका जुन्या बॅटऱ्या फोडलेल्या जागेची माती चाळून शिशाचे कण वेचत होत्या, मुलं शेजारीच खेळत होती. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेनं मिळून एक अहवाल काढला, त्यात जगातल्या जवळपास ८० कोटी मुलांच्या रक्तात धोक्याच्या पातळीइतकं शिसं असल्याचा अंदाज होता आणि त्यातली सुमारे २७.५ कोटी एकट्या भारतातली. या शिशाला मसाल्यापासून रंगापर्यंत अनेक वाटा आहेत पण बॅटऱ्या फोडण्याचा धंदा ही त्यातली मोठी वाट आहे. तेव्हा 'गरिबाचं पोट आहे, चालू द्या' हे मला मान्य नाही. ज्या पोटासाठी चालू ठेवायचं म्हणताय त्याच पोटातल्या बाळाच्या मेंदूत ते शिसं जातंय.

'आपल्याकडे काहीच वाया जात नाही' हेही खरं नाही. ज्याला भाव आहे तेवढंच वाचतं. तांबं, ॲल्युमिनियम, बोर्ड, चालू स्थितीतले पार्ट. जुन्या टीव्हीची शिशाची काच, फ्रीजमधला फोम, कुणी न घेणारं काळं प्लास्टिक हे सगळं गावाबाहेर पडतं किंवा जळतं. जगात निघालेल्या ई-कचऱ्याचा आकडा २०२२ साली ६.२ कोटी टन होता आणि त्यातलं २२.३ टक्केच नीट नोंद होऊन गोळा झालं, रिसायकल झालं. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशोबाप्रमाणे २०२१-२२ मध्ये सुमारे १६ लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या ५.२७ लाख टनांवर प्रक्रिया झाली. म्हणजे तीनात एक. बाकीचे दोन कुठे गेले हे सगळ्यांना माहीत आहे.

पण मग पुढचा प्रश्न विचारायला हवा, तो माल तिथे पोचवला कुणी? मायापुरी आठवतंय का? फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठानं रसायनशास्त्र विभागातलं कित्येक वर्षं वापराविना पडलेलं एक गॅमा यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं. आत कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते कापलं गेलं, एप्रिलमध्ये माणसं आजारी पडायला लागली, त्वचा काळी पडली, केस गेले, आणि एका कामगाराचा जीव गेला. देशातल्या नामांकित विद्यापीठात, ज्यांना किरणोत्सर्ग म्हणजे काय ते शिकवायचा पगार मिळतो त्यांच्या इमारतीतून ती वस्तू काही न सांगता, कसलीही खूण न करता बाहेर गेली आणि मेला तो हातात कटर घेतलेला माणूस. किरणोत्सर्गाचं प्रकरण आणि मोबाईलची बॅटरी यांची बरोबरी नाहीच करता येणार, पण साखळी अगदी तीच आहे. ज्याला आत काय आहे ते माहीत आहे तो सांगत नाही, आणि ज्याला माहीत नाही तो उघडतो. अशा वेळी शेवटच्या माणसाला पकडून गुन्हेगार ठरवायचं आणि पहिल्याला प्रश्नच विचारायचा नाही, याला न्याय कसं म्हणायचं?

आणि धाडींनी काय होतं हे जगानं करून पाहिलंय की. घानामध्ये आक्रा शहरातलं आगबोगब्लोशी हे जगातलं सगळ्यात बदनाम भंगारचं मैदान, जुलै २०२१ मध्ये सरकारनं बुलडोझर लावून रिकामं केलं. लोक गेले कुठे? आसपासच्या वस्त्यांमध्ये. आधी निदान एका जागी धूर दिसत होता, मोजता येत होता, आता तो विखुरला. आपल्याकडे दिल्लीत सीलमपूरच्या ई-कचरा बाजारावर कारवाई झाली की काम हद्दीपलीकडे उत्तर प्रदेशातल्या लोणीला सरकतं, आणि बोर्ड जाळायचं, धुवायचं काम मुरादाबादला. तिथल्या रामगंगा नदीच्या काठावर ई-कचऱ्याच्या काळ्या राखेचे ढीग इतके झाले की २०१७ मध्ये हरित लवादाला तिथे कचरा टाकणाऱ्याला एक लाखाचा दंड लावावा लागला. उलट बाजूला चीनमधलं ग्वियू. तिथे घराघरात चालणाऱ्या हजारो भट्ट्या होत्या, २०१५ च्या सुमारास त्या बंद करून कामगार आणि धंदेवाले एका औद्योगिक वसाहतीत नेले, जिथे धूर आणि सांडपाण्यावर प्रक्रिया होते. ते फार हळुवारपणे झालं असं मी म्हणणार नाही, ज्यांना भाडं परवडलं नाही ते देशोधडीला लागले. पण माणसांना जायला एक जागा होती म्हणून काम तरी बदललं. नुसतं बंद करा म्हटलं की ते फक्त दुसऱ्या गल्लीत जातं.

आता पैशाकडे या, कारण सगळं अडलंय तिथे. शिशाची बॅटरी कुणी कचऱ्यात टाकताना पाहिलंय का कधी? नाही, कारण दुकानदार नवी देताना जुनीचे पैसे वजा करतो. २००१ च्या बॅटरी नियमांनी विक्रेत्यावर जुनी परत घ्यायची जबाबदारी टाकली होती पण खरं काम केलं ते भावानं. गोळा होण्यात अडचण नाही, गोळा झाल्यावर ती चांगल्या कारखान्यात जाते की कुठल्या तरी शेतातल्या रात्रीच्या भट्टीत हा तिथला प्रश्न आहे. भट्टीवाल्याला धुराचं फिल्टर लावायचं नसतं, कामगाराची रक्ततपासणी करायची नसते, कर भरायचा नसतो, त्यामुळे तो किलोमागे जास्त देऊ शकतो आणि नियम पाळणारा कारखाना मालाविना बसतो.

याच्या अगदी उलटी कथा लिथियम बॅटरीची. इयरबड्सची डबी, स्मार्टवॉच, ट्रिमर, मच्छर मारायची रॅकेट, स्वस्तातली पॉवर बँक, पोरांचं उडणारं खेळणं. यांना भंगारात जवळजवळ काही भाव नाही. बोर्ड नखाएवढा, सेल गोंदानं चिकटवलेला, तो काढायला जितका वेळ जातो तितक्यात माणूस दहा किलो पुठ्ठा बांधून मोकळा होतो. म्हणून भंगारवाला ते घेतच नाही, आणि त्यानं घेतलं नाही की ते सुक्या कचऱ्यात जातं, तिथून घंटागाडीत आणि घंटागाडीतून कॉम्पॅक्टरमध्ये, जिथे दाब देऊन कचरा चेपला जातो. आता लिथियम-आयन सेलच्या आत काय असतं बघा. दोन बाजूंच्या मध्ये प्लास्टिकचा केसाहूनही पातळ पडदा आणि भोवती पेट्रोलसारखं पेट घेणारं द्रव. सेल चेपला, वाकला, खिळा घुसला की पडदा फाटतो, आतल्या आत शॉर्ट होतं, तापमान चढतं, तापमान चढलं की रासायनिक क्रिया आणखी वेगात, आणि एकदा ते चक्र सुरू झालं की बाहेरून थांबवणं फार अवघड. कोबाल्टवाल्या सेलमध्ये तर तापल्यावर आतूनच ऑक्सिजन सुटतो, म्हणून वरून झाकून, हवा तोडून ती आग विझत नाही, भरपूर पाणी मारून थंडच करावी लागते आणि विझली असं वाटल्यावर तासाभरानं परत पेटू शकते. वायूमध्ये हायड्रोजन फ्लोराइड असतं, ते फुप्फुसाला जाळतं. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि आठ-दहा दिवस सगळे लिथियमवर बोलले, चौकश्या झाल्या, वाहनांच्या बॅटऱ्यांचे सुरक्षा नियम कडक झाले. ते झालं ते बरंच झालं. पण त्या स्कूटरमागे कंपनी होती, नंबर प्लेट होती, मालक होता. कचऱ्याच्या ढिगात पेटलेल्या ट्रिमरच्या सेलला यातलं काहीच नाही, आणि तिथे उभी असते ती हातमोजे नसलेली, कचरा वेगळा करणारी बाई.

म्हणजे ज्याला भाव आहे ते चुकीच्या भट्टीत जातं आणि ज्याला भाव नाही ते चुकीच्या गाडीत. दोन्हीकडे दुखणं एकच आहे, नीट हाताळण्याचा खर्च कुणीच देत नाहीये.

कंपन्या म्हणतील आम्ही देतोय की, ईपीआर आहे ना. बरोबर, ईपीआर म्हणजे उत्पादकाची वाढीव जबाबदारी, आपल्या मालाच्या कचऱ्याची सोय त्यानंच लावायची, ती २०११ च्या नियमांपासून कागदावर आहे, २०१६ ला नियम बदलले, २०२२ ला परत बदलले, आणि १ एप्रिल २०२३ पासून सर्टिफिकेटची पद्धत आली. रिसायकलर माल प्रक्रिया करतो, त्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर सर्टिफिकेट मिळतं, कंपनी ते विकत घेऊन आपलं टार्गेट पूर्ण करते. बॅटऱ्यांसाठीही २०२२ पासून असंच, आणि त्यात पहिल्यांदाच शिशाशिवायच्या सगळ्या बॅटऱ्या आल्या, ही खरंच मोठी सुधारणा होती, तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण ई-कचऱ्याच्या या व्यवस्थेत नोंदणी फक्त चौघांची, बनवणारा, बाजारात आणणारा, दुरुस्त करून विकणारा आणि रिसायकलर. गोळा करणारा कुठे आहे? २०१६ च्या नियमांत संकलन केंद्रं, तोडणारे यांना निदान स्वतःचा रकाना होता, नव्या पोर्टलवर तोही गेला. आणि कागदावर विश्वास किती ठेवायचा? प्लास्टिकमध्ये हीच सर्टिफिकेटची पद्धत होती, २०२३ मध्ये तिथे मंडळाला सहा लाखांच्या आसपास खोटी सर्टिफिकेटं सापडली. कचरा न हलता कागद हलू शकतो हे आपल्याला कळलेलं आहे.

सर्टिफिकेटांचे भाव पडले म्हणून मंडळानं २०२४ मध्ये किमान दर ठरवला, साधारण इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोला २२ रुपये, स्मार्टफोनसाठी ३४. तर त्याविरुद्ध मोठमोठ्या देशी-विदेशी कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, हा फार बोजा आहे म्हणाल्या. त्यांच्या बाजूनं एक मुद्दा खरा आहे, सरकारनं असा भाव बांधून दिला की अकार्यक्षम रिसायकलरही पोसला जातो, आणि पैसे देऊनसुद्धा तो माल खरंच नीट हाताळला गेला का हे कंपनीला दिसत नाही. पण हिशोब करा ना, एक फोन साधारण २०० ग्रॅमचा, म्हणजे किलोला ३४ या दरानं जेमतेम ७ रुपये. तीस हजारांच्या फोनच्या अंत्यसंस्काराला ७ रुपये जड होतायत? आणि ते ७ सुद्धा रिसायकलरला, त्यातले गाडी ढकलणाऱ्यापर्यंत किती पोचणार? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं महत्त्वाच्या खनिजांच्या रिसायकलिंगसाठी १५०० कोटींची योजना मंजूर केली, लिथियम, कोबाल्ट आपल्याला आयात करावं लागतं म्हणून. योजना योग्यच आहे. पण ती प्लांट उभारायला आणि चालवायला पैसे देते, आणि प्लांटची खरी भूक मालाची आहे. तो माल तुमच्या-माझ्या ड्रॉवरमध्ये पडलाय.

म्हणून डिपॉझिट. लोकांना वाटतं ही काहीतरी स्वीडन-जर्मनीवाली कल्पना आहे, इथे चालणार नाही. गॅस सिलिंडर काय आहे मग? आपण डिपॉझिट भरतो, सिलिंडर कंपनीच्या मालकीचा राहतो, रिकामा दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही, आणि एवढी स्फोटक वस्तू कोट्यवधी घरांत जाते-येते, डिलिव्हरीवाला खांद्यावर आणतो, तरी आजवर कुणी सिलिंडर कचराकुंडीत टाकलेला नाही. कुणीही त्यासाठी आपल्याला जनजागृती शिबिरात बसवलं नव्हतं. निलगिरी जिल्ह्यात दारूच्या बाटल्यांच्या काचा जंगलात हत्तींच्या पायात घुसायला लागल्या तेव्हा मद्रास उच्च न्यायालयानं लक्ष घातलं आणि २०२२ मध्ये सरकारी दुकानांतून बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन रिकामी परत आणली की परत द्यायला सुरुवात झाली. बहुतेक बाटल्या परत यायला लागल्या, पर्यटकांच्या जिल्ह्यात, दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकांकडून. त्यांना जमतं तर आपल्याला इयरबड्सचं का जमू नये?

यावर एक चांगला आक्षेप येतो आणि तो महाराष्ट्रातूनच येतो. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे डिपॉझिट ठरलं होतं, काय झालं त्याचं? काही नाही झालं, रुळलंच नाही. पण का नाही, हे बघितलं पाहिजे. ५० पैशांसाठी धुतलेली पिशवी घेऊन कोण परत जाईल, दूधवाल्यानं ती ठेवायची कुठे, आणि डेअरी ते पैसे कधी देणार हे ठरलेलंच नव्हतं. रक्कम क्षुल्लक आणि परत घेणारा आधीच नाराज, असं डिपॉझिट पडणारच. पॉवर बँकवर शंभर रुपये, इयरबड्सवर पन्नास, लॅपटॉपवर पाचशे लावा, आणि परत घेणाऱ्याला प्रत्येक नगामागे वेगळी फी द्या, मग बघा. विशेष म्हणजे २०१६ च्या ई-कचरा नियमांत डिपॉझिट परत करायची योजना अधिकृतपणे लिहिलेली होती, कंपन्यांना पर्याय म्हणून. पर्याय म्हणून दिलेली गोष्ट कोण उचलतं? ती सक्तीची करायला हवी होती.

वस्तू महाग होतील, गरिबाला फटका बसेल, हा आक्षेप मी मनापासून ऐकतो, कारण चार हजाराचा फोन हप्त्यावर घेणारा माणूस मला माहीत आहे. पण डिपॉझिट हा कर नाही, ते परत मिळतं. आणि मेलेल्या फोनचे शंभर रुपये हमखास मिळणार असतील तर ज्याला त्या शंभराची किंमत आहे त्याचाच जास्त फायदा आहे. श्रीमंत माणूस कंटाळा करून फेकून देईल, ते उचलून आणणाऱ्याला मिळतील, त्यातही वाईट काय? आज हा खर्च कुणी देतच नाहीये असं थोडंच आहे, तो सीलमपूरमधली, मुरादाबादमधली पोरं आपल्या रक्तातून देतायत.

दुसरा आक्षेप जास्त चिवट आहे. भंगारवाला बोर्ड काढून ॲसिडवाल्याला विकेल आणि उरलेला सांगाडा तुमच्या केंद्रावर आणेल, दोन्हीकडून पैसे खाईल. हो, करेल, मी त्याच्या जागी असतो तर मीही केलं असतं. म्हणून नियम असा हवा की वस्तू अख्खी, न उघडलेली आली तरच पैसे, आणि ती रक्कम बोर्डाच्या भावाहून जास्त. न उघडण्याचे पैसे द्यायचे! यात सगळं आलं, कारण धोका उघडण्यात आहे, उचलून नेण्यात फार नाही. ब्रँड नसलेल्या स्वस्त वस्तूंचं काय, तर आयात करणारा हाही नियमांत उत्पादकच धरला जातो, त्याच्याकडून कस्टम्सवरच डिपॉझिट घ्यायचं. गल्लीत जुन्या लॅपटॉपचे सेल काढून नवे पॅक जोडणारे यातून सुटतील, तेवढी गळती राहील. पण आजची गळती तीनात दोन आहे हे लक्षात ठेवा.

'पण या लोकांना शिकवणार कोण, यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा' हे वाक्य मी जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा मला पुणं आठवतं. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पाठबळानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली तेव्हा कचरावेचक बायकांना लोक चोर म्हणत, कुत्री अंगावर सोडत, पोलीस हटकत. त्या बायकांना महापालिकेची ओळखपत्रं मिळाली, आणि २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. तेव्हाही हाच वाद होता, मोठ्या कंपनीला ठेका द्या, गाड्या आणा, यांना हटवा, आणि आजही तो अधूनमधून उकरून काढला जातो. पण त्याच बायका आज ओला-सुका वेगळा करायला सुशिक्षित सोसायट्यांना शिकवतायत, जुन्या वस्तू आणि ई-कचरा गोळा करायचे उपक्रमही करतायत. हाताला ओळखपत्र, ठरलेले पैसे आणि सन्मानाची वागणूक मिळाली की तोच माणूस व्यवस्थेचा भाग होतो. मग बॅटरीच्या बाबतीत त्याला एक वाळूचं पिंप, जाड हातमोजे, फुगलेला सेल कसा ओळखायचा याचं दोन दिवसांचं शिक्षण आणि दर आठवड्याला माल उचलून नेणारी गाडी द्यायला काय हरकत आहे?

राहता राहिले आपण आणि आपल्या पालिका. लोकांना अक्कल नाही, सगळं घरात साठवतात, असं अधिकारी म्हणतात. काही अंशी खरंय, जुना फोन द्यायला जीव होत नाही, फोटोंची, बँकेच्या माहितीची भीती असते, आणि ती भीती चुकीची नाहीये, डेटा पुसून मिळाल्याचा कागद कुणी देत नाही तोवर लोक फोन देणार नाहीत. पण द्यायचं ठरवलं तरी कुठे द्यायचं? घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत लिहिलं होतं की घरातल्या घातक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र हवं. पुणे पालिकेचं क्षेत्र २०२१ मध्ये गावं आल्यावर सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झालं, म्हणजे किमान २६ केंद्रं. तुमच्या जवळचं कुठलं, पत्ता सांगता येईल? वर्षातून एकदा रविवारी मंडप टाकून केलेली मोहीम म्हणजे केंद्र नव्हे. मोहिमा करणाऱ्या संस्थांबद्दल मला आदर आहे, त्यांनी हजारो घरांतला माल योग्य जागी पोचवलाय, पण फुगलेली बॅटरी पुढच्या मोहिमेपर्यंत वाट बघत नाही. आणि बॅटरी काढताच येत नाही अशा वस्तू बनवायची मुभाच बंद व्हायला हवी. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या वस्तूंमधली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असा कायदा लागू होतोय, तीच कंपनी तिथे स्क्रूवाली वस्तू विकणार आणि आपल्याला गोंदवाली, हे आपण का म्हणून चालवून घ्यायचं?

डिपॉझिट यायला वर्षं लागतील, त्यामुळे तोवरचं सांगतो. बॅटरी असलेली कुठलीही वस्तू सुक्या कचऱ्यात टाकू नका, एवढं एक केलंत तरी कॉम्पॅक्टरमागे उभ्या असलेल्या माणसाचा जीव वाचू शकतो. सुटे सेल असतील तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलला तर नक्कीच, तो चाव्यांच्या जुडग्यात पडला तरी तापतो. बटण सेल लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा, गिळला तर काही तासांत अन्ननलिका जळते, उलटीची वाट न बघता थेट हॉस्पिटल. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, चार्जला लावायची नाही, पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, उन्हापासून आणि गॅसपासून लांब. रिमोटचे साधे पेन्सिल सेल तेवढे घातक नाहीत, त्यांची धास्ती घेऊ नका, पण वेगळ्या डब्यात जमवा. जुना फोन वर्षानुवर्षं फुल चार्ज करून कपाटात ठेवू नका. सोसायटीत एक झाकणाचा पत्र्याचा डबा जिन्याखाली किंवा वीजमीटरजवळ न ठेवता उघड्यावर सावलीत ठेवा आणि तो भरायच्या आत कुणाला बोलवायचं ते आधीच ठरवून ठेवा. आणि भंगारवाल्याला काही देताना आत बॅटरी आहे, फुगलीय, फोडू नकोस, हे तोंडानं सांगा.